भूतपूर्व सरपंच आणि शब्दांतला चकवा

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या गावच्या एसटी थांब्यावर एक फ्लेक्स लागला. वर सजवलेली बैलजोडी, मध्ये हात जोडून उभे असलेले भाऊ आणि खाली शुभेच्छुक म्हणून त्यांचे नाव. नावाखाली ‘भूतपूर्व सरपंच’ एवढेच यायचे होते. परंतु छापणाऱ्याने अक्षरे मोठी घेतली, शब्द एका ओळीत मावला नाही, आणि वरच्या ओळीत ‘भूत’ व खालच्या ओळीत ‘पूर्व सरपंच’ अशी त्याची वाटणी झाली. पुढचे तीन दिवस पानठेल्यावर दुसरा विषय नव्हता. एकाने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारले, “भौ गेले कवा? मले तं कोनं सांगतलंच नाही.” त्याच्या शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या पोराने दुसरी ओळ सुटी वाचली आणि म्हणाला, “हे तं पूर्वचे सरपंच झाले. मंग पश्चिमचे कोन हाये?” नागपूर पूर्व, नागपूर पश्चिम ही विधानसभा मतदारसंघांची नावे निवडणुकीच्या बातम्यांत ऐकलेल्या सगळ्यांना तो टोला बरोबर लागला.

मराठी शिकवण्यात माझी हयात गेली असल्यामुळे सगळे हसून झाल्यावर माझ्या मनात प्रश्न उरला तो असा, की एकाच पाटीवर दोन माणसांनी दोन वेगळे विनोद केले, दोघांनी एकही नवा शब्द आणला नाही, मग हसू आले कुठून? पोळ्याच्या अमावस्येपासून सर्वपित्री अमावस्येपर्यंतचा महिना हा आमच्याकडे भुतांच्या गोष्टींचा हंगाम असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते आणि रोगराईपासून महागाईपर्यंत साऱ्या पीडा ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून गावाबाहेर हाकलल्या जातात; त्यानंतरच्या रात्री रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी शेतात जागल करावी लागते, आणि शेकोटीभोवती बसलेल्यांपैकी कोणाला तरी पांदणीतला मुंजा आठवतोच. या हंगामात भुतांवरचे जितके विनोद ऐकू येतात तितके इतर वेळी येत नाहीत, आणि त्यांतले निम्मेअधिक शब्दांवरच्या कसरतीचे असतात.

याचे पहिले कारण खुद्द ‘भूत’ या शब्दात आहे. संस्कृतात ‘भू’ म्हणजे होणे, आणि ‘भूत’ म्हणजे झालेले, होऊन गेलेले. जे होऊन गेले तो भूतकाळ. जे अस्तित्वात आले ते प्राणिमात्र, म्हणून भूतदया. ज्यांपासून सारे घडले ती पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पंचमहाभूते. आणि जो माणूस ‘आहे’ राहिला नाही, ‘होता’ झाला, तरी पिंपळ सोडायला तयार नाही, तेही भूतच. इतक्यावर थांबले असते तर ठीक होते. पण हाच शब्द दुसऱ्या शब्दांच्या शेपटीलाही जोडला जातो. पूर्वी जे तसे नव्हते ते तसे झाले, हा अर्थ दाखवण्यासाठी एकीभूत, वशीभूत, भस्मीभूत असे शब्द घडतात, आणि संस्कृत व्याकरणात या अर्थाला ‘अभूततद्भाव’ असे भारदस्त नाव आहे. अंगभूत, कारणीभूत, आधारभूत, अभूतपूर्व हे आपले रोजचे शब्दही याच गोतातले. त्यामुळे गंमत अशी झाली आहे, की मराठीतील अत्यंत निर्जीव, सरकारी, टिपणीतल्या भाषेत भूत ठायी ठायी दबा धरून बसलेले असते. स्मशानभूमीच्या शेडच्या उद्घाटनाला ‘अभूतपूर्व गर्दी’ झाली, असे बातमीदार लिहून जातो, आणि तिथे भुतेही हजर होती की नव्हती याचा खुलासा त्याने नकळत केलेला असतो.

जुन्या अलंकारशास्त्राने या प्रकाराला ‘श्लेष’ म्हटले आहे. श्लेष म्हणजे आलिंगन, चिकटणे. एकाच शब्दाला दोन अर्थ मिठी मारून बसलेले असतात. त्याचे दोन प्रकार शाळेत सांगितले जातात. शब्द न तोडता दोन अर्थ निघाले तर तो अभंग श्लेष, आणि तोडल्यावर दुसरा अर्थ निघाला तर तो सभंग. सभंग श्लेषाचे व्याकरणाच्या पुस्तकांतले ठरलेले उदाहरण आमच्या विदर्भाच्याच लेकीच्या तोंडी आहे. ‘श्रीकृष्ण नवरा मी नवरी, शिशुपाल नवरा मी न वरी’, असे रुक्मिणी म्हणते. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडण्यपूर हे तिचे माहेर मानले जाते. पहिल्या चरणातली ‘नवरी’ अखंड आहे. दुसऱ्या चरणात तिच्या ‘न’ला किंचित वेगळे केले, की ‘मी वरत नाही’ असा ठाम नकार तयार होतो. अक्षरे तीच, पण मध्ये श्वासाएवढी फट पडली आणि लग्न मोडले. आमच्या थांब्यावरच्या फ्लेक्सवर छापणाऱ्याने हेच केले, फक्त त्याला ते ठाऊक नव्हते.

अभंग श्लेषासाठी मराठीत ‘लागणे’ या क्रियापदाइतके उदार क्रियापद नसावे. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नजर लागते, नोकरी लागते, कपाशीला बोंडअळी लागते आणि माणसाला भूतही लागते. यावर आमच्या भागात सांगितला जाणारा एक किस्सा असा. एक बाई पोराला घेऊन भगताकडे गेली आणि म्हणाली, “महाराज, दोन वर्सं झाले, पोराले काही लागून नाही राह्यलं.” भगताने विचारले, “काही म्हंजे?” “नोकरी, महाराज.” भगत म्हणाला, “बाई, लागलेलं काढनं माह्यं काम हाये. लावून देनं माह्या हातात नाही.”

हा किस्सा सावकाश उलगडून पाहण्यासारखा आहे. भगताचे दार म्हटल्याबरोबर आपल्या मनात ‘लागणे’ या शब्दाचा एकच अर्थ जागा होतो, आणि बाई पोराला काही लागत ‘नाही’ अशी तक्रार करते तेव्हा आपण जरासे अडखळतो, कारण भूत न लागणे ही तक्रारीची बाब नव्हे. ‘नोकरी’ हा शब्द आला की आपली वाट चुकली होती हे कळते. पण खरा घाव तिथे नाही. भगत त्या एकाच क्रियापदाला धरून दोन्ही अर्थ एका वाक्यात बांधतो, आणि नकार देता देता आपल्या धंद्याची हद्दही अगदी प्रामाणिकपणे सांगून टाकतो. ऐकणाऱ्याने मुद्दाम दुसरा अर्थ धरून उत्तर देणे याला मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात श्लेष-वक्रोक्ती म्हटले आहे. आमचा भगत मम्मटाच्या गावी गेलेला नव्हता, पण विद्या तीच.

आता डोक्यात नेमके काय घडते ते पाहू. आपल्याला वाटते, की वाक्याच्या संदर्भावरून मन योग्य तो अर्थ निवडते आणि दुसऱ्या अर्थाकडे पाहतही नाही. प्रत्यक्षात तसे होत नाही. डेव्हिड स्विनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना इंग्रजीतील ‘बग’ हा शब्द असलेला मजकूर ऐकवला. या शब्दाचा एक अर्थ किडा आणि दुसरा चोरून ऐकण्यासाठी लपवलेला मायक्रोफोन. मजकुराच्या संदर्भावरून किडाच अभिप्रेत आहे हे स्पष्ट असतानाही, शब्द कानावर पडल्याच्या क्षणी ‘मुंगी’ आणि ‘हेर’ या दोन्ही अर्थांचे शब्द पडद्यावर दिसले तर लोकांनी ते चटकन ओळखले. तीन अक्षरांएवढा वेळ गेल्यानंतर मात्र संदर्भाला जुळणाराच अर्थ शिल्लक राहिला होता. म्हणजे क्षणभर दोघेही जागे होतात, आणि मग एकाला झोपवले जाते. श्लेष करणारा माणूस त्या झोपवलेल्या अर्थाला हलकेच पुन्हा उठवतो. तो अर्थ मनात नुकताच येऊन गेलेला असल्यामुळे ओळख पटायला वेळ लागत नाही, आणि आपण त्याला घालवून दिले होते म्हणून आश्चर्यही वाटते.

मानसशास्त्रज्ञ जेरी सल्स यांनी १९७२ साली विनोदाची जी दोन पायऱ्यांची मांडणी केली तीही इथे जुळते. आधी काहीतरी विसंगत ऐकू येते, आणि मग ती विसंगती दुसऱ्या एखाद्या नियमाने सुसंगत ठरते. नुसती विसंगती असेल तर माणूस गोंधळतो. नुसती सुसंगती असेल तर तो जांभई देतो. मला हे सगळे चकव्यासारखे वाटते. अवसेच्या रात्री शेतातून घरी निघालेला माणूस सरळ चालत असतो, निदान त्याला तसे वाटत असते, आणि तासाभराने तो पुन्हा आपल्याच धुऱ्यावरच्या बाभळीपाशी येऊन उभा राहतो. विनोदही आपल्याला सरळ वाटेने नेल्यासारखा करून ज्या शब्दावरून निघालो त्याच शब्दापाशी आणून सोडतो. फरक एवढाच, की विनोदाच्या चकव्यातून उजाडेपर्यंत थांबावे न लागता लगेच सुटका होते.

म्हणूनच वळणाचा शब्द शेवटी यावा लागतो. वरचाच किस्सा असा सांगून पाहा: एका मुलाला दोन वर्षे नोकरी लागत नसल्यामुळे त्याची आई भगताकडे गेली, तेव्हा त्याने, मी फक्त भूत लागलेल्यांवर उपचार करतो, असे सांगितले. माहिती सारी आली, आणि विनोद जागच्या जागी गेला, कारण वाट चुकण्याआधीच फाट्यावर पाटी लावून ठेवली. दुसरी कसोटी त्याहून जुनी आहे. शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा शब्द ठेवावा. विनोद टिकला तर तो अर्थावर उभा होता, कोसळला तर शब्दावर. ‘भूतपूर्व’ खोडून ‘माजी’ लिहिले असते तर पानठेल्याचे तीन दिवस फुकट गेले असते. खरे तर मराठीत ‘माजी’ हाच रुळलेला शब्द आहे. परंतु हिंदीच्या शेजारामुळे आमच्याकडे फ्लेक्सवर ‘भूतपूर्व’ लिहिण्याची हौस आहे, आणि त्या हौसेचे हे फळ.

एका क्रियापदाला दोन बैल जुंपण्याचाही एक प्रकार आहे. नवरात्राच्या तोंडावर आमच्या शिंप्याकडे आलेल्या एका बाईने गाठोडे सोडता सोडता सांगितले, “मांगच्या वर्साचं पोलकं काही अंगात येत नाही, देवी तेवढी येते.” शिंप्याची कात्री हातात तशीच राहिली. ‘अंगात येणे’ हा शब्दप्रयोग कपड्यालाही चालतो आणि देवीलाही, पण दोघांना एका वाक्यात कोणी उभे करत नाही. त्या बाईने एकाच क्रियापदाचे दोन कर्ते केले, एक शिलाईचा आणि एक श्रद्धेचा, आणि स्वतःच्या वाढलेल्या अंगाची थट्टा इतरांनी करण्याआधी स्वतःच उरकून घेतली. तिला अलंकाराचे नाव विचारले असते तर तिने मलाच वेड्यात काढले असते.

सगळेच श्लेष सारख्या तोलाचे नसतात. नुसते आवाज जुळले म्हणून केलेला श्लेष ऐकून माणूस कपाळावर हात मारतो. दुसरा अर्थही त्या वस्तूबद्दल काहीतरी खरे सांगत असेल तर तो बरेच दिवस आठवतो. मी ऐकलेला सर्वांत वजनदार श्लेष जागलीवरचा आहे. रात्रीचे अकरा वाजले असतील. शेकोटीत पऱ्हाट्या जळत होत्या, दूर कोणीतरी डुकरांना पळवण्यासाठी डबा वाजवत होते, आणि कोणी मोबाइलवर कापसाच्या किमान आधारभूत किमतीची बातमी मोठ्याने वाचून दाखवत होते. ही किंमत केंद्र सरकार हंगामाआधी जाहीर करते, आणि बाजारातला भाव तिच्या खाली गेला तर शेतकऱ्याला आधार मिळावा असा तिच्यामागचा हेतू आहे. घोंगडी पांघरून पडलेल्या म्हाताऱ्या आजोबांनी डोळे न उघडता विचारले, “काय म्हन्ते रे ते? आधार काय?” “आधारभूत, आबाजी.” “मंग बराबर हाये. भूतच हाये ते. सारे सांगतेत, हाये हाये. पाह्यलं कोनंच नाही.”

या वाक्यात आवाजाचा खेळ जेमतेम एका शब्दाचा आहे, बाकी सारे निरीक्षण आहे. भुताबद्दल आपण जे बोलतो तेच शब्दशः त्या किमतीबद्दल लागू पडते, आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर जाहीर भावापेक्षा कमी घेऊन आलेल्या माणसाला ते पटवून द्यावे लागत नाही. थांब्यावरच्या फ्लेक्सचेही तेच. पद गेले तरी रोज सकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर येऊन बसणारा, नव्या सरपंचाला सल्ले देणारा माणूस आणि पिंपळावरचा मुंजा यांत आमच्या लोकांना साम्य आधीपासून दिसत होते. छापणाऱ्याने फक्त तोंड फोडून दिले.

शब्दांवरचा विनोद परगावी नेला की त्याचा जीव जातो, तो का, हे समजण्यासाठी वऱ्हाडीतला एक नमुना घ्यावा. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’ पुष्कळदा ‘य’ होतो. डोळा तो डोया, काळा तो काया, आणि गळा तो गया. त्यावर एक वाक्य ऐकवले जाते: “भुतानं गया धरला, मानूस गया, आता पोराले गयेले जा लागते.” पहिला ‘गया’ म्हणजे गळा. दुसरा हिंदीतला, म्हणजे गेला. तिसरी बिहारमधली गया, जिथे पितरांच्या मुक्तीसाठी पिंडदान करतात. भुताने मानगूट धरण्यापासून त्याच्या सद्गतीपर्यंतची सगळी कथा एका शब्दात तीन उड्यांत संपते. पण हेच वाक्य प्रमाण मराठीत म्हटले तर पहिली उडीच हुकते, कारण तिथे गळा हा गळाच राहतो. हिंदी न कळणाऱ्या गावात दुसरी हुकते. आणि पितृपक्ष ठाऊक नसलेल्याला तिसरी कळत नाही. श्लेष समजायला केवळ शब्दांची ओळख पुरत नाही, तर ते शब्द बोलणाऱ्यांच्या शेजारी राहिलेले असावे लागते.

लिहिलेला आणि बोललेला श्लेष यांतही फरक पडतो. ‘जरा’ हा शब्द थोडे या अर्थी आपण एका प्रकारच्या ‘ज’ने उच्चारतो, आणि म्हातारपण या अर्थी दुसऱ्या प्रकारच्या; कागदावर दोन्ही सारखे दिसतात. त्यामुळे ‘जरा’वरचा श्लेष छापून चालतो आणि तोंडी मरतो. उलट सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा यांत लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा फरक दिसतो, तो घाईच्या बोलण्यात विरून जातो. एकंदरीत मराठी बरीचशी उच्चाराप्रमाणे लिहिली जात असल्यामुळे एकसारखे ऐकू येणारे पण वेगळे लिहिले जाणारे शब्द आपल्याकडे त्या मानाने थोडे आहेत, आणि आपला श्लेष एका शब्दाच्या अनेक अर्थांवर किंवा शब्दाच्या तोडजोडीवर जगतो. इंग्रजीत अशा सारख्या आवाजांचे पीक मोठे आहे. तिकडे ३१ ऑक्टोबरला, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, हॅलोविन साजरा होतो, आणि त्या दिवसांत भुताच्या ‘बू’ या आवाजाला ‘ब्युटिफुल’मध्ये घुसवून ‘बू-टिफुल’ करण्याची चढाओढ लागते. हाडांचा सापळा समारंभाला का गेला नाही, तर त्याच्यासोबत जायला ‘नोबडी’ नव्हते, हाही तिथला घासून गुळगुळीत झालेला विनोद. ‘नोबडी’ म्हणजे कोणी नाही, आणि तोडून म्हटले तर शरीर नाही. नीट पाहिले तर हा रुक्मिणीचाच ‘न वरी’ आहे. फक्त मराठीत आणायला जावे तर ‘कोणी नाही’ आणि ‘अंग नाही’ हे दोन तुकडे वेगवेगळे हातात येतात आणि जोड निसटतो.

भुतांवरचा शब्दखेळ चालतो तो भीती दूर असेपर्यंतच. जागलीवर दहाजण असताना ज्या वाक्यावर हशा होतो, तेच वाक्य एकट्याने रात्री मोटर सुरू करायला जाताना आठवले तर पाय उचलत नाही. आणि गावात एखाद्या बाईकडे बोट दाखवून तिला चेटकीण ठरवले जात असेल, तिथे या शब्दावर कोटी करणे मला विनोद वाटत नाही; अशा प्रकारांसाठी महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला आहे, आणि तो करावा लागला यातच सारे आले. पानठेल्यावरचे विनोद सरपंचावर, भगतावर, बाजारभावावर होते. ज्यांना ते ऐकून झोप उडण्याचे कारण नव्हते, अशांवर.

भाऊंनी मात्र फ्लेक्सची गोष्ट मनावर घेतली. दिवाळीला त्यांनी स्वतः तालुक्याला जाऊन, छापणाऱ्याच्या शेजारी स्टुलावर बसून नवा फ्लेक्स करून घेतला, आणि ‘भूतपूर्व सरपंच’ ही अक्षरे एका ओळीत बसेपर्यंत जागचे उठले नाहीत. त्या खटपटीत खालच्या मजकुराकडे दोघांचेही लक्ष राहिले नाही. ‘गावाच्या मूलभूत गरजांसाठी सदैव तत्पर’ हे वाक्य लांब होते, ते मध्येच तुटले, आणि एका ओळीच्या टोकाला ‘मूल’ व पुढच्या ओळीच्या सुरुवातीला ‘भूत’ आले. सकाळी पहिल्या एसटीची वाट पाहणाऱ्या माणसाने तो खालीवर दोनदा वाचला आणि पानठेलेवाल्याला हाक मारून सांगितले, “पोयाले एकलंच होतं, गड्या. दिवायीले त्याले मूल झालं.”